सरकारी खुर्ची आणि निळा क्रेट

माझी मुलगी पाचवं वर्ष लागेपर्यंत आपली आपण बसली नव्हती. ती वेळेआधी जन्मली आणि पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत राहिली. पुढे पनवेलच्या डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ हे दोन शब्द खाली बघत उच्चारले आणि लगेच फिजिओथेरपीच्या वेळा सांगायला लागले. त्या दोन शब्दांचा घरगुती अर्थ असा, की पाठ आणि पाय तिचं ऐकत नाहीत. डोकं नीट ऐकतं. जीभ अर्धवट ऐकते, त्यामुळे तिचे शब्द कळायला सराव लागतो, आणि सराव व्हायला तिच्याबरोबर बसावं लागतं.

आम्ही मुरुडच्या अलीकडे समुद्रालगतच्या एका गावात राहतो. नवऱ्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. ही बाई दिवसभर वाचत असेल असं लोकांना वाटतं. ते खरं आहे, कारण ग्रंथालयात दुसरं कोणी येत नाही. शासनाचे निर्णय, परिपत्रकं, मार्गदर्शक सूचना, सगळं माझ्या टेबलावर येतं आणि मी ते वाचते. त्यामुळे मला सरकारचं मराठी बऱ्यापैकी समजतं. त्या मराठीत माझी मुलगी ‘दिव्यांग लाभार्थी’ आहे. दिव्य असं तिच्यात मला अजून काही आढळलेलं नाही. ती हट्टी आहे, साखरेच्या डब्याकडे जाणारा माणूस तिला पाठमोरा ओळखता येतो, आणि मनाविरुद्ध झालं की चावते.

अशा मुलांना गावच्या अंगणवाडीत इतर मुलांबरोबरच घ्यायचं, असं सरकारने ठरवलं आहे. ती सूचना मी दोनदा वाचली. चांगली लिहिलेली होती. फक्त तिच्यातलं प्रत्येक वाक्य कर्मणी प्रयोगात होतं. प्रवेश देण्यात यावा, साधने पुरविण्यात यावीत, पालकांचे समुपदेशन करण्यात यावे. कोणी, हे कुठेच नव्हतं. मराठीच्या व्याकरणाने सरकारची जेवढी सोय केली आहे तेवढी दुसऱ्या कोणी केली नसेल.

सूचनेची प्रत घेऊन मी अंगणवाडीच्या बाईंकडे गेले. बाई म्हणजे सेविका, गावातलीच, माझ्या नवऱ्याच्या शाळेत त्याच्या पुढे होत्या, त्यामुळे मला ‘वैनी’ म्हणतात. त्यांनी कागद हातात घेतला नाही. मुलीकडे बघितलं, तिचा गाल ओढला आणि म्हणाल्या, “बसवून घेईन की, वैनी. पण बसवू कशात?”

प्रश्न बरोबर होता. अंगणवाडी म्हणजे एक खोली. भिंतींवर फळं आणि पोपट, खाली सतरंजी, सतरंजीवर मुलं. माझी मुलगी सतरंजीवर ठेवली की एका बाजूला कलंडायची. मदतनीस होत्या, पण त्यांना खिचडी शिजवायची असायची. त्या किती वेळ तिला मांडीवर घेऊन बसणार? तिच्यासारख्या मुलांसाठी पट्ट्यांची, पाठीला आधार देणारी खुर्ची मिळते आणि ती सरकार देतं, हे मला वाचून माहीत होतं. आम्ही अर्ज केला. अलिबागला जाऊन प्रमाणपत्र काढलं. एका शिबिरात एका नम्र मुलाने तिच्या पाठीचं, मांडीचं, पायाचं माप घेतलं. नवरा म्हणाला, लग्नाच्या ब्लाऊजला सुद्धा एवढी मापं घेत नाहीत. त्यानंतर दोन पावसाळे गेले. खुर्ची आली नाही. मधल्या काळात मुलगी ज्या मापाची होती त्या मापाची राहिली नाही.

क्रेटची युक्ती कोणी शोधून काढली असं मी म्हणणार नाही, कारण ती कोणी शोधली नाही. आमच्या दारात मासळी घेऊन येणारी कोळीण रिक्षातून येते, आणि मासळी निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये असते. बंदरावर असे क्रेट शेकड्यांनी पडलेले असतात. मी मुलीला कडेवर घेऊन सुट्टे पैसे शोधत होते. ते सापडेनात. कोळणीला उशीर होत होता. ती वैतागून म्हणाली, “दे गो ती पोर हिकरं,” आणि मुलीला उचलून रिकाम्या क्रेटमध्ये ठेवून मोकळी झाली. मी पैसे घेऊन वळले तर मुलगी बसलेली होती. मागची भिंत पाठीला, बाजूच्या भिंती कमरेला, पाय पुढे. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की एवढा वेळ कुठे होतीस.

नवऱ्याने तसलाच एक क्रेट आणला. पुढची बाजू करवतीने कापून पायांना जागा केली, कडा घासल्या, आत जुन्या गादीचा फोम बसवला. अलिबागच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना दाखवला. त्या आधी हसल्या, मग वाकून नीट बघितलं, पाठीमागे एक टॉवेल गुंडाळून ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, खुर्ची येईपर्यंत चालेल, वाढेल तशी मला दाखवत राहा. क्रेट ब्लीचने धुतला, उन्हात ठेवला, लिंबू चोळलं. मासळीचा वास कमी झाला, गेला नाही. आमच्या गावात त्याने कोणाचं काही अडत नाही.

क्रेटसकट मुलगी अंगणवाडीत जायला लागली. पहिल्या दिवशी मुलांनी तिच्याभोवती उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी क्रेटच्या भोकांतून दोरी ओवली. किनाऱ्यावरच्या मुलांना दोरी बांधलेली निळी वस्तू दिसली की ती काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. सतरंजी गुंडाळून बाजूला झाली आणि लादीवरून होडी निघाली. मोहल्ल्यातला एक थोराड मुलगा दोरी ओढायचा, दोन-तीन जण मागून ढकलायचे, आणि माझी मुलगी आत बसून हुकूम द्यायची. तिचा पहिला स्वच्छ शब्द तिथेच फुटला. घरी आम्ही ‘ओढ’ म्हणतो. ती ‘वढ’ शिकून आली. सासूबाईंना वाईट वाटलं. मी त्या दिवशी वाडीत जाऊन रडून आले, पण ते वेगळ्या कारणाने.

हळूहळू तिचे शब्द मुलांना माझ्यापेक्षा लवकर कळायला लागले. मी दाराशी उभी राहून “काय म्हणते?” असं विचारायची आणि ती पोरं मला अडाणी बाईला समजावावं तसं सांगायची. एका मुलीशी तिचं कायम वाकडं होतं. ती हिला चावली, ही तिला चावली, दोघींच्या आया एकमेकींना भेटल्या, दोघींनी आपापल्या पोरीला चारचौघांत धपाटा घातला आणि प्रकरण मिटलं. परिपत्रकात ज्याला समावेशन म्हणतात ते याहून निराळं काय असतं, मला माहीत नाही.

हे आठ-नऊ महिने चाललं. मग थंडीत आमच्या पर्यटकांच्या खोलीत एक बाई राहायला आल्या. मुंबईच्या, एकट्या, शांत. माझ्याकडून वाचायला पुस्तक मागून घेतलं तेव्हाच मला आवडल्या. सकाळी फिरायला गेलेल्या दुपारी परत आल्या त्या तावातावाने. संध्याकाळी चहाच्या वेळी मोबाइल माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, तुमच्या गावात हे काय चालतं, तुम्हाला कल्पना आहे का?

फोटोत अंगणवाडीची पायरी होती, तिथे क्रेट होता, क्रेटमध्ये माझी मुलगी होती. तिचा चेहरा धूसर केलेला होता. ओळख जपायची असते म्हणून. म्हणजे हसणं तेवढं पुसलं गेलं होतं आणि क्रेट स्पष्ट दिसत होता. खाली त्यांनी लिहिलं होतं की एका अपंग बालिकेला मासे ठेवण्याच्या खोक्यात कोंबून ठेवलं जातं, आणि आपण स्वतःला माणूस म्हणवतो.

“ती माझी मुलगी आहे,” मी म्हटलं.

त्या चहा ठेवून उठल्या. माझा हात धरून पुष्कळ बोलल्या आणि माझ्यासमोरच तो मजकूर काढून टाकला. बाई मनाने वाईट नव्हत्या, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर तो फोटो शेकडो लोकांनी पुढे पाठवला होता. रात्री एका बातम्यांच्या पेजवर आला, तिथे गावाचं नावही आलं. ज्यांनी आयुष्यात कधी अंगणवाडी आतून बघितली नव्हती अशी माणसं अंगणवाडीच्या बाईंना शिव्या घालत होती. जाताना त्या पाहुण्या बाईंनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. नवऱ्याने जास्तीचे परत केले.

दोन पावसाळ्यांत जे झालं नाही ते त्या आठवड्यात झालं. बाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस आली, आणि पाठोपाठ खुर्ची आली.

खुर्ची नुसती आणून ठेवता येत नाही, ती प्रदान करावी लागते. त्यासाठी मंडप पडला. अंगणवाडीला रंग मिळाला, ओल आलेल्या भिंतीला सुद्धा. प्रमुख पाहुणे येणार म्हणून मुलांना सकाळपासून धुतलेल्या कपड्यांत बसवून ठेवलं होतं. पाहुणे दुपारी आले, तोपर्यंत निम्मे कपडे धुतलेले राहिले नव्हते. मंडपात पाहुण्यांसाठी मखमलीचा सोफा होता. तो लग्नात नवरा-नवरीला बसवतात तोच होता, मागे बदाम आणि त्यात बाण. पाहुण्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. नारळाच्या गावात माणसाला नारळ देऊन काय सांगायचं असतं, हे मला लग्न होऊन इथे आल्यापासून कळलेलं नाही. त्यांनी तो शेजारच्या माणसाकडे दिला, त्याने त्याच्या शेजारच्याकडे.

भाषणात ते म्हणाले की आज आपण या चिमुकलीला पंख देत आहोत. मुलगी खुर्चीत बसवलेली होती. खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल फीत बांधली होती, आणि ती फितीच्या मागे. पाहुणे कात्री घेऊन तिच्या पोटाच्या दिशेने वाकले तशी ती किंचाळली. टाळ्या जोरात वाजल्यामुळे ते फारसं ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे आला. त्यात तिचा रडका चेहरा धूसर करायची कोणाला गरज वाटली नव्हती.

खुर्ची वाईट नव्हती, हे लिहिलं पाहिजे. आपल्याकडे सरकारी वस्तूला वाईट म्हटलं की झालं असं समजतात. पाठ नीट होती, पट्टे मऊ होते, पाय ठेवायला फळी होती, माप जवळपास बरोबर होतं. डॉक्टरांना आवडली. पाठीसाठी क्रेटपेक्षा बरीच, म्हणाल्या. एकच गोष्ट होती, ती खुर्ची होती.

अंगणवाडीत तोवर खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बाई बसायच्या. मुलांच्या जगात जो खुर्चीवर बसतो तो विचारणारा, आणि जे खाली बसतात ते उत्तरं देणारे. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. तर प्रदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आली, त्यांनी माझ्या मुलीला खुर्चीवर बघितलं, आणि एकेक जण तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. “नमस्ते, बाई.” कोणी पाटी दाखवली. मोहल्ल्यातल्या त्या दोरी ओढणाऱ्या मुलाने करंगळी वर केली आणि तिची मान हलेपर्यंत थांबून मगच मुतायला गेला.

सेविकाबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या म्हणाल्या, “वैनी, आता माझी बदलीच करतील.” घरी नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मुलीलाही पहिले दोन दिवस गंमत वाटली. ती मान हलवून परवानग्या देत होती.

मग कॉलेजला सुट्टी असताना एक दिवस मी तिथे जाऊन मागे बसले. मुलं सतरंजीवर होती, त्यांचा चिखलाच्या गोळ्यांवरून काही व्यवहार चालला होता. माझी मुलगी भिंतीशी, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. तिच्या नजरेला नजर द्यायला मुलांना मान वर करावी लागत होती, आणि खेळताना कोण कशाला मान वर करतो? बाईंनी दोनदा मुलांना सांगितलं, तिच्याशी खेळा. मुलं आज्ञाधारक होती. उठून तिच्यापुढे गेली, हात मागे बांधून उभी राहिली, थोडा वेळ थांबली आणि परत आली. खुर्चीला हात लावायचा नाही, सरकारची आहे, हे त्यांना बजावलेलं होतं. जी मुलगी हिला चावायची तिने हिला दोन्ही हातांनी पाण्याचा पेला आणून दिला.

मुलीने काही बोलायचं बंद केलं. बोलायला शेजारी कोणी नव्हतं, त्यामुळे तिचे शब्द कोणाला कळत नव्हते, त्यामुळे ती बोलत नव्हती. घरी आल्यावर ती क्रेटकडे हात करायची. क्रेटमध्ये बसवलं की “वढ” म्हणायची. मी ओढायची, नवरा ओढायचा. आम्ही ओढलेली होडी तिला पसंत नव्हती. थोड्या वेळाने ती डोळे मिटून घ्यायची. तिला पहिलीत घालायला दीडेक वर्ष होतं, आणि सवंगडी करायला माणसाला जे वय मिळतं ते असं मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येत नाही. मला तिची पाठ सरळ हवी होती, पण त्याआधी तिला भांडायला कोणीतरी हवं होतं.

मी बाईंना म्हटलं, खुर्ची राहू द्या, क्रेट परत आणते. थोडा वेळ खुर्ची, थोडा वेळ क्रेट. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

“मला आठवड्याला तिचा फोटो टाकाय लागतो मोबाइलवर. खुर्चीतला.”

“मग फोटोपुरती खुर्चीत बसवा.”

“आन मधीच पर्यवेक्षिका मॅडम आल्या तर? त्या स्कूटरवर कवा येतील सांगता येत न्हाय. वैनी, तुमची नोकरी परमनंट हाय. मला मानधन हाय. नोटीस अजून फाइलीत हाय माझी.” मग माझ्याकडे न बघता, “तुमच्याच पाहुणीनं काढलाय तो फोटो.”

मी तालुक्याला अंगणवाड्यांच्या कार्यालयात गेले.

तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आता मला खुर्ची दिली की मी जरा सावध होते. मी सगळं सांगितलं. मुलं तिला बाई म्हणतात हे सांगितल्यावर ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, छान आहे की, आत्मविश्वास वाढेल.

मी म्हटलं, “साहेब, ती एकटी पडलीये.”

“तिचा समावेश झालेला आहे, मॅडम.”

“कुठे झालाय?”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. मी म्हटलं, मला ही खुर्ची परत करायची आहे. त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. लाभ परत घेण्याची तरतूद नाही, ते म्हणाले. देण्याची आहे, न मिळाल्यास तक्रारीची आहे, परत घेण्याची नाही. आणि तो फोटो गाजल्यापासून वरून स्पष्ट आदेश होते की पटावरचं दिव्यांग मूल मान्यताप्राप्त साधनातच बसलेलं दिसलं पाहिजे. त्यात त्यांचा दोष नव्हता, हे त्यांनी सांगितलं आणि मला पटलंही. दोष कोणाचाच नव्हता. ‘बसलेलं दिसलं पाहिजे’ यात बघणारा कोण आहे, शोधा.

“पटावरचं मूल,” मी म्हटलं. “आणि पटावर नसेल तर?”

“तर ती आमची लाभार्थी नाही.”

“मग ती कशात बसते?”

“तो आमचा विषय नाही, मॅडम.”

एसटीत खिडकीशी बसून मी या वाक्यावर विचार केला. घरी नवऱ्याशी भांडण झालं. तो म्हणाला, लोक पोरांची नावं लागावीत म्हणून हेलपाटे घालतात आणि तू काढायला निघालीस. नाव गेलं की वजन-उंचीची तपासणी गेली, खाऊ गेला, थेरपीचं शिबिर गेलं, उद्या शाळेत विचारतील अंगणवाडी झाली का, तर काय सांगणार? त्याचं सगळं खरं होतं. मी म्हटलं, आपल्याला परवडतं म्हणून आपण हे करू शकतो. हेही खरं होतं, आणि यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं. ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं कुठेतरी भिंतीशी उंच बसलेली असतील. तो बराच वेळ करवंट्यांचा ढीग नीट रचत बसला. शेवटी म्हणाला, कर तुला काय करायचं ते, पण क्रेट आता लहान पडतोय, मोठा आणावा लागेल.

बाईंना आधी खरं वाटलं नाही. मग त्यांनी मोबाइल काढला. नाव कमी करायला कारण द्यावं लागतं आणि कारणं आतच ठरलेली असतात, त्यांतलं एक निवडायचं. मूल शाळेत गेलं, मूल वारलं, मूल स्थलांतरित झालं. ‘मुलांबरोबर बसायचं आहे म्हणून’ असं कारण त्यात नव्हतं. बाईंचं बोट पडद्यावर थांबलं. मधल्या कारणावरून त्यांनी ते घाईने पुढे सरकवलं.

“स्थलांतरित लावते,” त्या म्हणाल्या. “कुठं ते पन विचारतंय.”

मला सुचेना. बाईंचं माहेर माणगावचं. त्यांनी माणगाव लावलं. तेव्हापासून माझी मुलगी सरकारदरबारी माणगावला राहते, हायवेच्या धुळीत, समुद्रापासून लांब. आम्ही घरातली माणसं इथे राहतो.

ती पुन्हा अंगणवाडीत जायला लागली, मोठ्या क्रेटमध्ये, नाव नसलेली. खुर्ची घरी आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रोज संध्याकाळी तिच्यात बसून जेवते, आणि घरात आम्ही सगळे खुर्च्यांवर बसत असल्यामुळे तिथे तिला कोणी बाई म्हणत नाही. अंगणवाडीत मात्र सुरुवातीला मुलं तिला बाईच म्हणत होती. खाली क्रेटमध्ये बसलेल्या बाईचं काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं. पाटी दाखवायची तर वाकावं लागत होतं. हे काही दिवस चाललं. मग एकदा ती मुलगी, ती चावणारी, हिच्या क्रेटमध्ये स्वतःच बसायला गेली. हिने तिचे केस धरले आणि ओरडली, आणि ती ओरडल्यावर बाईपण संपलं. बाईंनी दोघींना सोडवलं. मला हे कळवताना त्यांना तक्रार करायची होती, पण ते त्यांना नीट जमलं नाही.

एक अडचण राहिली. पर्यवेक्षिका मॅडम मुलीला ओळखतात. प्रदानाच्या वेळी त्यांनीच फीत बांधली होती. माणगावला गेलेलं मूल त्यांना मुरुडच्या अलीकडे दिसून चालणार नाही. म्हणून वळणावर स्कूटरचा आवाज आला की मदतनीस तिला उचलून मागच्या दाराने नेतात. मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला एक दगड आहे, तिथे तिला मांडीवर घेऊन बसतात. क्रेटमध्ये तेवढ्यापुरते बटाटे ओततात. बटाट्यांना कुठल्याही साधनात बसण्याची मुभा आहे. पहिलीला शाळेत हे जमणार नाही. तिथे पट असतो आणि मागचं दार नसतं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं नवरा म्हणतो. तो हे रोज म्हणतो, त्यावरून त्याचं काय चाललंय ते मला कळतं.

मागच्या महिन्यात कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी तिला सोडायला गेले आणि दाराशी रेंगाळले. तेवढ्यात स्कूटर वाजली. मदतनीसांचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी मलाच खूण केली. मी तिला उचललं आणि मागच्या दाराने जाऊन टाकीआड बसले. एका कॉलेजची ग्रंथपाल, आपल्याच मुलीला घेऊन, टाकीमागे.

आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी मुलांना रंग विचारले, मुलांनी सांगितले. प्राणी विचारले. मग त्यांनी बाईंना विचारलं, माणगावला गेलेल्या त्या मुलीची काही खबर? बाई म्हणाल्या, बरी हाय म्हनतात. मॅडम म्हणाल्या, गोड होती हो, खुर्चीत किती छान दिसायची. मग मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्हाला आठवते का रे ती?

आत ती सगळी पोरं होती, अजून ज्यांना साखर खाल्ली का विचारलं तर तोंडाला साखर असताना नाही म्हणता येत नाही. कोणीही सांगू शकलं असतं. कोणी बोललं नाही. मग त्या दोरी ओढणाऱ्या मुलाचा आवाज आला, “ती गेली.”

माझ्या मांडीवर मुलीने तिचा हात उचलला. तो तिला सरळ नेता येत नाही. एकदा डोळ्यावर गेला, एकदा हनुवटीवर. मग बोट ओठांवर टेकलं आणि तिने माझ्याकडे बघितलं, मी गप्प बसते आहे ना म्हणून. हे तिला घरी कोणी शिकवलेलं नाही.

स्कूटर गेली. थोड्या वेळाने मागचं दार उघडून मदतनीसांनी मान बाहेर काढली आणि म्हणाल्या, “जरा थांबा हां, क्रेटातले बटाटे काढायचे हायत.” आम्ही थांबलो.